‘सुपरनोव्हा’ बघण्याआधी : गॉडझिला आणि काँगच्या जगात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘गॉडझिला × काँग : सुपरनोव्हा’ या चित्रपटासाठी २६ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. २०१४ पासून चालत आलेल्या मालिकेतला हा सहावा चित्रपट. आधीचे पाच न बघता थेट सहाव्याला गेलात तर मारामारी समजेल, पण ती का चालली आहे हे कळणार नाही. पांढरा हिमश्वास सोडणारं एवढं मोठं जनावर काँगचं का ऐकतं? गॉडझिला रोममध्ये का झोपतो? काँगच्या उजव्या हातावर लोखंड कुठून आलं? या प्रश्नांची उत्तरं मागच्या चित्रपटांत आहेत, आणि ती गोळा करायला पंधरा दिवसांच्या मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. या मालिकेत बहुतेक माणसं दर चित्रपटात बदलतात, राक्षस मात्र तेच राहतात. कथेची स्मरणशक्ती त्यांच्या अंगावर आहे. जुन्या जखमा, वाढलेली उंची, कुणी कुणापुढे मान तुकवली, कुणी कुणाचा जीव वाचवला, हे सगळं पुढच्या भागात जसंच्या तसं येतं. म्हणून बघताना राक्षसांकडे पात्रं म्हणूनच बघा. ‘कोण जिंकलं’ यापेक्षा ‘कोण कसं वागलं’ हे ध्यानात ठेवलंत तर पुढचा चित्रपट दुप्पट कळेल.

पहिली पायरी : गॉडझिला कोणता, ते ठरवा

नवख्यांची सर्वात मोठी गफलत इथे होते. सध्या पडद्यावर दोन वेगळे गॉडझिला आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक जपानच्या तोहो कंपनीचा. दुसरा तोहोकडून हक्क घेऊन अमेरिकेतल्या लेजेंडरी कंपनीने उभा केलेला, ज्याच्या मालिकेला ‘मॉन्स्टरव्हर्स’ म्हणतात. २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’ हा तोहोचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये घडणाऱ्या या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं. त्याचा पुढचा भाग ‘मायनस झीरो’ नोव्हेंबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. म्हणजे दोन गॉडझिलांचे दोन पुढचे भाग पाच महिन्यांच्या आत. तिकीट काढताना नाव नीट वाचा. ‘मायनस वन’ अप्रतिम आहे, जरूर बघा, पण त्यातलं काहीही ‘सुपरनोव्हा’त उपयोगी पडणार नाही. त्या जगात काँग नाहीच.

तसंच १९९८ चा अमेरिकन ‘गॉडझिला’, २००५ चा ‘किंग काँग’, २०१६ चा ‘शिन गॉडझिला’ आणि जपानी ॲनिमेशनपटांची त्रयी हे सगळं या यादीच्या बाहेर. शोधयादीत ही नावं एकत्र दिसतात आणि माणूस चुकीच्या चित्रपटावर दोन तास घालवतो.

दुसरी पायरी : क्रम आणि वेळ

पाच चित्रपट आहेत. ‘गॉडझिला’ (२०१४, १२३ मिनिटं), ‘काँग : स्कल आयलंड’ (२०१७, ११८ मिनिटं), ‘गॉडझिला : किंग ऑफ द मॉन्स्टर्स’ (२०१९, १३२ मिनिटं), ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ (२०२१, ११३ मिनिटं) आणि ‘गॉडझिला × काँग : द न्यू एम्पायर’ (२०२४, ११५ मिनिटं). एकूण ६०१ मिनिटं, म्हणजे दहा तास.

ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने बघा. कथेतल्या सालांप्रमाणे बघण्याचा मोह होतो, कारण ‘स्कल आयलंड’ १९७३ मध्ये घडतो. पण तो आधी पाहिलात तर नुकसान होतं. त्याच्या श्रेयनामावलीनंतर गुहाचित्रं दाखवली आहेत. त्यांत गॉडझिला आणि पुढे येणारे रोडान, मोथ्रा, गिडोरा हे तीन राक्षस दिसतात. २०१४ चा चित्रपट पाहून झालेला असेल तरच त्या चित्रांनी अंगावर काटा येतो. शिवाय २०१४ च्या दिग्दर्शकाने गॉडझिला पूर्ण दाखवायला जवळपास तासभर घेतला आहे. आधी काटे, मग पाय, मग धुरातून वर येणारं धूड. ही वाट बघणं हीच त्या चित्रपटाची मजा आहे. दुसरीकडे आधीच शंभर राक्षस बघून आलेला प्रेक्षक तिथे कंटाळतो आणि ‘यात गॉडझिला आहेच कुठे’ अशी तक्रार करतो.

वेळ कमी असेल तर शेवटचे तीन बघा : २०१९, २०२१, २०२४. बरोबर ३६० मिनिटं. फक्त शेवटचे दोन पाहिले तरी चालतं असं बरेच जण सांगतात. तो सल्ला मला पटत नाही. २०२१ मधल्या यांत्रिक गॉडझिलाच्या, म्हणजे मेकागॉडझिलाच्या आत कुणाचं डोकं आहे, हे २०१९ पाहिल्याशिवाय नुसतं एक वाक्य म्हणून कानावरून जातं.

मालिकांचं काय? ‘मोनार्क : लेगसी ऑफ मॉन्स्टर्स’चा पहिला हंगाम दहा भागांचा आहे. तो २०१४ आणि २०१७ चे चित्रपट झाल्यावर कधीही घ्या. त्यातून एकच गोष्ट घट्ट धरायची : पृथ्वीच्या पोटातल्या काही जागांत काळ वेगळ्या गतीने चालतो. आत थोडा वेळ गेला की बाहेर वर्षं उलटलेली असतात. ली शॉ हे एकच पात्र तरुणपणी वायट रसेलने आणि म्हातारपणी त्याच्या वडिलांनी, कर्ट रसेलने, केलं आहे. चेहऱ्यातलं साम्य खरं असल्यामुळे दोन काळांतली उडी सहज पचते. दुसरा हंगाम २०२६ मध्ये आला. ‘स्कल आयलंड’ नावाची ॲनिमेशन मालिकाही आहे. ती सोडली तरी काही अडत नाही.

लहान मुलं सोबत असतील तर २०१७ चा चित्रपट आधी एकट्याने बघा. पाचांत तोच सर्वात अंगावर येणारा आहे. जंगलातल्या उंच पायांच्या कोळ्याचा प्रसंग लहानांसाठी नाही.

तिसरी पायरी : राक्षस ओळखायला शिका

यांना मालिकेत ‘टायटन’ म्हणतात. अंधारात, पावसात, धुळीत ते ओळखायचे तर आकारापेक्षा प्रकाश जास्त कामाला येतो. निळा प्रकाश पाठीवरून चढत गेला की गॉडझिला. सोनेरी विजा चमकल्या की गिडोरा. पंखांतून निखारे उडाले की रोडान. मऊ, पसरणारा उजेड म्हणजे मोथ्रा. २०१९ मधली बोस्टनची लढाई बहुतेकांना गोंधळाची वाटते, पण हे चार रंग डोक्यात ठेवले की कोण कुणावर पडलं ते पहिल्याच खेपेला कळतं.

गॉडझिलाचा अणुश्वास बघायचा तर तोंडाकडे बघू नका, शेपटीकडे बघा. उजेड शेपटीच्या टोकापासून सुरू होतो, एकेक काटा पेटवत मानेपर्यंत येतो आणि मगच तोंडातून झोत निघतो. २०१४ मध्ये हा प्रकार इतका संथ दाखवला आहे की तो नीट शिकून घ्यायला तोच चित्रपट चांगला. पुढच्या चित्रपटांत हा वेळ कमी होत जातो, आणि तो किती कमी झाला यावरून गॉडझिलात किती बळ साठलं आहे याचा अंदाज येतो. त्याचं अन्न म्हणजे किरणोत्सर्ग. २०२४ मध्ये तो फ्रान्समधल्या अणुभट्टीवर जाऊन ऊर्जा घेतो, मग आर्क्टिकमध्ये टियामत नावाच्या टायटनला मारून तिची राहायची जागा बळकावतो. तिथून बाहेर पडतो तो अंगाने सडसडीत झालेला, धावणारा आणि काट्यांचा रंग गुलाबी झालेला. हा रंग शोभेसाठी नाही. मोठ्या शत्रूची चाहूल लागल्यामुळे त्याने केलेली ती तयारी आहे. गॉडझिला कारण नसताना कधीच ऊर्जा गोळा करत नाही. ‘सुपरनोव्हा’त तो कुठे जातो आणि काय खातो, यावर लक्ष ठेवा.

उंचीबद्दल नेहमी विचारलं जातं. २०१४ मध्ये गॉडझिला ३५५ फूट होता, २०१९ मध्ये ३९३ फूट. काँग १९७३ मध्ये १०४ फूट होता आणि २०२१ मध्ये ३३७ फूट. ही चूक नव्हे. तो अजून वाढतोय असं २०१७ च्या चित्रपटातच एका पात्राच्या तोंडी आहे, आणि मधे जवळपास पन्नास वर्षं गेली आहेत.

काँगला समजून घ्यायचं तर त्याचे हात बघा. गॉडझिलाकडे आग आहे, काँगकडे अवजारं. १९७३ मध्ये तो झाड उपटून सोलतो आणि बुडालेल्या जहाजाची साखळी फिरवतो. २०२१ मध्ये त्याला पृथ्वीच्या पोटातल्या पूर्वजांच्या दरबारात कुऱ्हाड सापडते. तिचं पातं गॉडझिलाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीच्या काट्याचं आहे. म्हणूनच ती अणुश्वास शोषून घेते आणि तोच जोर वारात उतरवते. हाँगकाँगमध्ये गॉडझिला मुद्दाम त्या कुऱ्हाडीवर झोत सोडतो आणि काँग तिने मेकागॉडझिलाचे तुकडे करतो. दोघांमध्ये एक शब्द नाही, तरी करार झाला. २०२४ मध्ये शिमो नावाच्या टायटनच्या हिमश्वासाने काँगचा उजवा हात गोठतो, तेव्हा मोनार्कने, म्हणजे टायटनांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, बनवलेला यांत्रिक हातमोजा त्याला चढवतात. लोखंड आलं ते तिथून.

पण या कराराला मैत्री समजू नका. जमिनीवर गॉडझिला, जमिनीखाली काँग, अशी हद्द ठरली आहे. २०२४ मध्ये काँग मदत मागायला गीझाच्या पिरॅमिडांपाशी वर आला, तर गॉडझिला सरळ अंगावर धावून गेला. मोथ्रा मधे पडली म्हणून ते थांबलं. दोघं एका चौकटीत आले की हद्द कुणी ओलांडली आहे ते आधी बघा, पुढचं भांडण की जुळणी ते त्यावरून कळतं.

गिडोरा हा तीन डोक्यांचा, आणि या मालिकेत आतापर्यंत आलेला परग्रहावरचा एकमेव मोठा राक्षस. तीन डोक्यांसाठी तीन वेगवेगळ्या कलाकारांनी हालचाली दिल्या, म्हणून त्यांचे स्वभाव वेगळे दिसतात. मधलं हुकूम सोडतं, एक बाजूचं भांडखोर, दुसरं जरा भिरभिरं. त्यातलं एक डोकं गॉडझिला पाण्याखाली तोडतो. गिडोराला नवं उगवतं, पण तुटलेलं तसंच राहतं, माणसांच्या हाती लागतं आणि पुढे मेकागॉडझिलात बसवलं जातं. गिडोरा मेला तरी संपला नव्हता तो असा.

चौथी पायरी : आत्ता कोण कुठे आहे

‘द न्यू एम्पायर’ संपतो तेव्हाची स्थिती पाठ करा, कारण ‘सुपरनोव्हा’ याच पटावरून सुरू होईल.

गॉडझिला रोमच्या कोलोसियममध्ये अंगाचं वेटोळं करून झोपला आहे. रोम त्याची आवडती जागा का, तर त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला तिथे त्याने स्किला नावाच्या कोळ्यासारख्या टायटनला मारलं.

काँग पृथ्वीच्या पोटात, महावानरांच्या टोळीचा प्रमुख झाला आहे. त्या टोळीवर स्कार किंग नावाच्या किडकिडीत, लालसर, क्रूर वानराची सत्ता होती. स्कार किंगच्या हातात कण्याच्या मणक्यांचा चाबूक होता आणि टोकाला एक स्फटिक. त्या स्फटिकाने तो शिमोला वेदना देऊन राबवायचा. रिओ दी जानेरोतल्या लढाईत सुको या वानराच्या पिलाने तो स्फटिक फोडला. मोकळ्या झालेल्या शिमोने स्कार किंगला गोठवलं, काँगने त्याचा चुरा केला. हा क्रम लक्षात असू द्या. काँगच्या बाजूला आज जे बळ आहे ते त्याने जिंकून मिळवलेलं नाही, सोडवून मिळवलेलं आहे. सुको आधी काँगला फसवायला निघाला होता, हेही विसरू नका. शिमो आता काँगसोबत आहे आणि तिच्या हिमश्वासात हिमयुग आणण्याची ताकद आहे. पटावरचा हा सर्वात मोठा मोहरा, आणि शिमोचा स्वतःचा स्वभाव आपण अजून फारसा पाहिलेला नाही.

मोथ्राला जिआ या इवी जमातीच्या मुलीने पुन्हा जागं केलं. मोथ्रा आता पृथ्वीच्या पोटात, इवी लोकांच्या मंदिराजवळ आहे. रोडान २०१९ च्या शेवटी गॉडझिलापुढे झुकला होता.

पाचवी पायरी : माणसं, थोडक्यात

माणसांची नावं पाठ करायचा ताण घेऊ नका. जुन्यांपैकी तिघं महत्त्वाची : जिआ (केली हॉटल), जिला ऐकू येत नाही आणि जी काँगशी खुणांच्या भाषेत बोलते. केली स्वतःही कर्णबधिर आहे. तिला वाढवणारी डॉ. आयलीन अँड्र्यूज (रेबेका हॉल). आणि ट्रॅपर (डॅन स्टीव्हन्स), टायटनांचा पशुवैद्य, जो काँगचा किडलेला दात काढून नवा बसवतो. यांतला ट्रॅपर ‘सुपरनोव्हा’त परत येतोय हे जाहीर आहे, म्हणून २०२४ मध्ये त्याच्यावर नजर ठेवा. हातमोजा काँगपर्यंत आणतो तोही तोच.

नव्या चेहऱ्यांत केटलिन डेव्हर, जॅक ओ’कॉनेल, डेलरॉय लिंडो, मॅथ्यू मोडीन, अलिशिया डेबनम-केरी आणि सॅम नील आहेत. डायनासोरच्या बेटावर सॅम नीलला पाहिलेल्या पिढीला त्याला महाकाय जनावरांसमोर पुन्हा उभं बघताना वेगळाच आनंद होईल. दिग्दर्शक ग्रँट स्पुटोर आहे. आधीचे दोन ॲडम विंगार्डचे होते, त्यामुळे रंग आणि लय बदलेल असं धरून चला. २०१४ च्या कथेत वाटा असलेला डेव्ह कॅलाहॅम या वेळी लेखक आहे. म्हणून पहिला चित्रपट गाळू नका, असं मी पुन्हा सांगेन.

सहावी पायरी : जाहीर काय आणि अंदाज काय, वेगळं ठेवा

स्टुडिओने सांगितलेलं एवढंच धरा : नवी माणसं, सोबत गॉडझिला आणि काँग, आणि समोर जग संपवू शकेल असं संकट. ‘सुपरनोव्हा’ म्हणजे ताऱ्याचा स्फोट. हे नाव आल्यापासून जुन्या चाहत्यांना १९९४ च्या तोहोपटातला स्पेसगॉडझिला आठवतोय. गॉडझिलाच्या पेशी अंतराळात जाऊन, ताऱ्यांच्या ऊर्जेने बदलून तयार झालेला, खांद्यांवर स्फटिक असलेला राक्षस. अंदाज वाजवी आहे, पण अंदाजच आहे. खेळण्यांच्या खोक्यांचे फोटो, ‘फुटलेली’ पटकथा, चाहत्यांनी बनवलेले ट्रेलर यांतलं काहीही खरं धरून बसलात तर थिएटरमध्ये चित्रपट न बघता यादी तपासत बसाल. ट्रेलर स्टुडिओच्या स्वतःच्या वाहिनीवरच बघा.

तयारी करायचीच असेल तर २०१९ चा चित्रपट पुन्हा बघा. आकाशातून आलेल्या शत्रूपुढे या जगाचे नियम कसे मोडतात ते तिथे दिसतं. गॉडझिलाला मरणाच्या दारी नेणारं ऑक्सिजन डिस्ट्रॉयर हे अस्त्र गिडोरावर चाललंच नाही, आणि पृथ्वीचे टायटन त्या परक्या राजाच्या हाकेला ओ देऊ लागले. नवं संकट वरून आलं तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील : शिमो आणि रोडान कुणाचं ऐकतील?

सातवी पायरी : पडदा आणि आवाज

घरी बघताना टीव्हीचा ‘मूव्ही’ मोड लावा आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद करा. ते चालू राहिलं तर प्रचंड प्राणी हलके, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे दिसतात, कारण वजन भासतं ते संथ हालचालीतून. वीज वाचवणारा मोडही बंद ठेवा, तो अंधारी दृश्यं आणखी काळी करतो. २०१४ आणि २०१९ दिवसा, उघड्या खिडकीच्या खोलीत बघूच नका. संवाद बारीक आणि डरकाळी कानठळ्या बसवणारी असा प्रकार होत असेल तर एकूण आवाज कमी करू नका, मधल्या स्पीकरचा वाढवा. सबटायटल सुरू ठेवा. खुणांच्या भाषेतले संवाद नजरेआड गेले की जिआचा निम्मा भाग हातातून जातो. २०२४ मध्ये वानरांचे लांबच लांब प्रसंग एकाही शब्दाविना आहेत. तिथे फोन हातात घेतलात तर सुको काँगवर विश्वास ठेवायला कधी शिकला तेच निसटेल.

थिएटरमध्ये मोठ्यात मोठा पडदा निवडा. जागा मधोमध आणि मागच्या तिसऱ्या हिश्शाच्या सुरुवातीला घ्या. पुढच्या रांगेत बसलं की टायटन मोठा वाटेल असं लोक समजतात. प्रत्यक्षात शरीराचा एकच भाग दिसतो आणि आसपासच्या इमारतींशी तुलना होत नाही, त्यामुळे आकाराची जाणीवच हरवते. लहान मुलांसाठी कान झाकायची साधनं न्या, खालच्या पट्टीतला आवाज छातीत जाणवतो.

आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. आधीच्या पाचांपैकी २०१७ आणि २०१९ मध्ये नावं संपल्यावर दृश्य होतं, आणि दोन्ही वेळा पुढच्या चित्रपटाचं बीज तिथेच होतं. गुहाचित्रं एकदा आणि गिडोराचं तुटलेलं डोकं एकदा. २०१४, २०२१ आणि २०२४ मध्ये काहीच नव्हतं.